चांद, तारा, मासा आणि नर्मदाबाईचा डबा

रत्नाकर वाघमाऱ्यांच्या भट्टीतून करपलेली नानकटाई बाहेर आलेली मी कधी पाहिली नाही, आणि आपल्याकडे किती गिऱ्हाइकं येतात हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. पहिल्या गोष्टीचं मला फार कौतुक होतं. दुसरीचा इतका राग यायचा की मी त्यांच्याच दुकानात उभी राहून त्यांच्याशी भांडायची.

आम्ही रांझीला, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. आमचं मूळ वर्ध्याकडचं. आमचे हे, म्हणजे पुंडलिकराव, नोकरीसाठी जबलपूरला आले आणि त्यांच्यामागून मी. क्वार्टरच्या मागच्या गल्लीत वाघमाऱ्यांची बेकरी होती. तेही आमच्यासारखेच विदर्भातले, अचलपूरकडचे, पण ख्रिस्ती. चहूबाजूंनी हिंदी कानावर पडत असताना मागच्या गल्लीतून कुणी 'काय करून राहिल्या वहिनी?' असं विचारलं, की त्याचा देव कुठला हे कोण विचारत बसतं? त्यांची बायको प्रतिमा पहिल्याच आठवड्यात माझी मैत्रीण झाली. ती मैत्री अजून आहे.

बेकरीत रोजचे पाव आणि टोस्ट व्हायचे, पण खरं पोट भरायचं ते सणासुदीवर. दिवाळी जवळ आली की क्वार्टरमधल्या बायका घरून मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन यायच्या. सोबत आपला रिकामा पत्र्याचा डबा, त्यावर रंगानं लिहिलेलं आपलं नाव. रत्नाकरभाऊ ते सामान मळायचे, भाजायचे आणि दुसऱ्या दिवशी तोच डबा नानकटाईनं भरून परत द्यायचे. घ्यायची फक्त मजुरी. नाताळात हेच काम ख्रिस्ती घरांसाठी चालायचं. एकीचं तूप दुसरीच्या पिठात जाता कामा नये, हा त्यांचा नेम. मी एकदा म्हटलं, "भाऊ, सगळं एकत्रच मळा ना. अर्ध्या वेळात होईल. कोणाला कळते?"

ते कणीक सोडून माझ्याकडे बघत राहिले. "वरच्याले कळते ना, वहिनी."

माणूस उंच, जरा वाकलेला, भुवयांवर कायम मैदा. मळताना देवाची गाणी म्हणायचे, आणि ती इतकी बेसूर की प्रतिमा म्हणायची, देवाचा कान मोठा आहे म्हणून बरं. पिठाला नुसता हात लावून त्यात तूप कमी आहे की जास्त ते सांगायचे. पण कुणी विचारलं, "काय रत्नाकरभैया, इस साल कितने डिब्बे आए?" की चेहरा बदलायचा. "प्रभु की कृपा है," एवढंच म्हणून भट्टीकडे तोंड फिरवायचे. कालच्यापेक्षा आज गर्दी जास्त का, मागच्या वर्षापेक्षा यंदा कमी का, असलं काही त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. मुलं किती, असं विचारलं तरी उत्तर हेच. बेबी आणि ज्योती, दोन धडधाकट मुली समोर बागडत असायच्या, आणि हा गृहस्थ 'प्रभु की कृपा' म्हणून मोकळा!

मला वाटायचं, हे सोंग आहे. मग एका दुपारी प्रतिमानं खरं काय ते सांगितलं. बेबीच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. त्या वर्षी दिवाळीला इतके डबे आले की दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तरुण वय, रत्नाकरभाऊंना आनंद आवरेना. त्यांनी सगळे डबे मोजले आणि रविवारी चर्चच्या दारात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आकडा सांगितला. नाताळ यायच्या आत बाळाला ताप आला आणि ते गेलं. तेव्हा त्यांचे वडील जिवंत होते. दुःखात माणूस काय बोलेल याचा नेम नसतो. त्यांनी लेकाला शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, त्या राजाची आठवण करून दिली, ज्यानं गर्वानं आपल्या प्रजेची मोजदाद केली आणि त्याच्या मुलखावर मरी आली. 'तू मोजलं, रत्नाकर,' एवढंच ते म्हणाले.

"तेव्हापासून हा माणूस काहीच मोजत नाही," प्रतिमा म्हणाली. "बाळाचं नावही घेत नाही."

ते ऐकल्यावर मी भांडणं कमी केली. पूर्ण बंद केली असं म्हणणार नाही.

पुढे अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमारास दिवस पालटले. मोठ्या रस्त्यावर यंत्राची बेकरी निघाली. काचेचं कपाट, आत ट्यूबलाइट, कागदात गुंडाळलेली बिस्किटं. इकडे वाघमाऱ्यांच्या फळीवर दर दिवाळीला डब्यांची रांग आखूड होत गेली. पाव-टोस्टावर भट्टीच्या लाकडांचा खर्चही निघेना. प्रतिमाचा भाऊ मुरलीधर सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत होता. तो आला आणि त्यानं सरळ सांगितलं, "भाऊजी, एका होस्टेलच्या स्वयंपाकघरात जागा आहे. पगार बांधलेला. नाताळापर्यंत पाहा. नाही जमलं तर भट्टी विझवा आणि या."

रत्नाकरभाऊ 'बरं' म्हणाले. ज्या माणसानं लग्न होऊन आलेल्या बायकोला देवघर दाखवावं तशी आधी भट्टी दाखवली होती, तो 'बरं' म्हणाला. प्रतिमा त्या रात्री जेवली नाही, हे मला दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडावरून कळलं.

मग जाहिरात करायचं ठरलं. मुरलीधरचा आग्रह सिनेमाच्या स्लाइडचा. टॉकीजमध्ये पिक्चर सुरू व्हायच्या आधी पडद्यावर दुकानाचं नाव झळकायचं, तसली. मी म्हटलं, त्यापेक्षा कागद छापून पेपरात घालून वाटा. आमच्या ह्यांचं म्हणणं, बस स्टॉपजवळच्या भिंतीवर मोठं लिहून घ्या, येताजाता सगळे वाचतील. शेवटी तिन्ही केलं. मुरलीधरनं स्लाइडवर 'जबलपुर की सर्वश्रेष्ठ बेकरी' असं लिहायला घेतलं, तेव्हा प्रतिमानं त्याचा हात धरला. "दादा, सगळ्या जबलपूरच्या बेकऱ्या तू खाऊन पाहिल्या का? खोटं काहून लिहून राहिला?" मग 'बढ़िया नानखताई, वाघमारे बेकरी, रांझी' एवढ्यावर भागलं.

रत्नाकरभाऊ स्वतः टॉकीजला जाऊन ती स्लाइड बघून आले. हा माणूस सिनेमा बघणाऱ्यातला नव्हे. आले ते लाजलेले, पण खूश होते. "पडद्यावर लई मोठं दिसते वो नाव," म्हणाले. मला हसू आलं, आणि बरंही वाटलं.

पण तिन्ही जाहिराती महिनोन्‌महिने चालवायची ऐपत कुणाची होती? दोन बंद कराव्या लागणार होत्या. कुठल्या दोन? मुरलीधर म्हणे स्लाइड ठेवा, मी म्हणे कागद, आणि आमचे हे भिंतीला चिकटून. प्रत्येकाला आपलंच लेकरू गोरं. मी म्हटलं, "गिऱ्हाईक आलं की विचारा, काय पाहून आलास? आणि मोजा."

"वहिनी, माणसं मोजाची नसतात," रत्नाकरभाऊ म्हणाले. आवाज मऊ होता, पण त्यापुढे काही बोलण्यात अर्थ नव्हता.

दोन दिवसांनी जुन्या ट्रंकेतून पत्र्याचे तीन साचे काढून प्रतिमानं त्यांच्यापुढे ठेवले. एक चांदाचा, एक ताऱ्याचा, एक माशाचा. "बिस्किटं तर मोजता येतात ना तुम्हाला?" तिनं विचारलं.

"बिस्किटं मोजाले काय हरकत हाय?"

"मग झालं तर."

तिची युक्ती अशी. स्लाइडवर लिहायचं, 'चांद बिस्किट माँगिए, मुफ़्त पाइए'. भिंतीवर लिहायचं तारा, आणि कागदावर मासा. रोज सकाळी तिन्ही आकारांची बिस्किटं सारखी भाजून तीन थाळ्यांत मांडायची. संध्याकाळी कुठली थाळी रिकामी झाली ते बघायचं. माणसाला हात लावायचा नाही, त्याचा आकडा घ्यायचा नाही. मी तर तिला मनातल्या मनात दंडवत घातला. देवालाही वचन पाळलेलं दिसावं आणि धंद्यालाही डोळे फुटावे, अशी ती तोड होती.

पहिल्याच आठवड्यात चांदाची थाळी जशीच्या तशी. स्लाइड दाखवतात तेव्हा लोक शेंगदाणे घ्यायला बाहेर उभे असतात किंवा आपली खुर्ची शोधत असतात, हे आम्हाला कुणाला सुचलं नव्हतं. उरलेले चांद आम्हा शेजाऱ्यांच्या घरी यायला लागले. आमच्या घरात चहाबरोबर चांद, डब्यात चांद, पाहुण्यापुढे चांद. पुंडलिकराव म्हणाले, "अमावास्या कधी आहे ते बघ जरा." रत्नाकरभाऊ थाळीकडे बघून खट्टू व्हायचे. पडद्यावरचं नाव सोडवत नव्हतं त्यांना. पण थाळी तोंडावर सांगत होती. स्लाइड बंद झाली.

ताऱ्याची थाळी मात्र दुपारपर्यंत चाटून पुसून लख्ख! आमचे हे छाती काढून फिरायला लागले. मग एक दिवस प्रतिमा दाराशी बसून राहिली आणि तिनं पाहिलं. शाळा सुटली की बस स्टॉपवरची पोरं भिंत वाचत वाचत यायची, तारा तोंडात टाकायची आणि पळायची. रोज तीच पोरं! "गर्दी दिसते, पण गिऱ्हाईक नाही," ती म्हणाली. रत्नाकरभाऊ म्हणाले, "खाऊ दे लेकरांले." तारे चालू राहिले, पण भिंतीचा हिशोब संपला. आमच्या ह्यांनी छाती आत घेतली.

उरला मासा. माझा कागद! माशाची थाळी रोज उतरत होती आणि घेणारी माणसं मोठी होती, कारखान्यात नव्यानं लागलेली, बायकामुलांसकट. मी जिंकले म्हणून आनंदात होते. पण डब्यांची फळी बघावी तर मोकळी. मासे जात होते आणि डबे येत नव्हते. असं का, ते कुणाला उमगेना.

एक दिवस मी तिथेच उभी होते. एक नवी बाई कागद घेऊन आली, मासा घेतला, आणि म्हणाली, "भैया, आधा किलो नानखताई दे दीजिए."

रत्नाकरभाऊंनी विचारलं, "डिब्बा?"

"कौन सा डिब्बा?"

"आपका डिब्बा, बहनजी. मैदा, घी?"

ती बाई त्यांच्याकडे अशी बघायला लागली, की हा बेकरीवाला की भिक्षेकरी? 'रहने दीजिए' म्हणून निघून गेली. मी कपाळाला हात लावला. आम्ही दोन महिने डोकी लढवून जाहिरात केली, त्यात 'बढ़िया नानखताई' लिहिलं, आणि डबा आणायचा असतो हे कुठेच लिहिलं नव्हतं! लिहिणार कसं? आमच्यापैकी प्रत्येकाला ते जन्मापासून ठाऊक होतं. सूर्य पूर्वेला उगवतो असं कुणी भिंतीवर लिहितं का? ती नवी माणसं केरळातली, बिहारातली. त्यांना ही रीत काय माहीत!

प्रतिमा हसत नव्हती. ती विचार करत होती. "इंदिरा," ती म्हणाली, "डबे अगदीच येत नाहीत असं नाही. थोडे येतात. ते आणणाऱ्या बायका ना चांद मागतात, ना तारा, ना मासा. त्या कशा येतात मग?"

तिनं चौथी थाळी मांडली. साधी, गोल बिस्किटं. डबा घेऊन कुणी आलं आणि तिनं यातलं काहीच मागितलं नाही, तर तिला विचारायचं, "आपको किसने भेजा?" आणि एक गोल हातावर ठेवायचं. दिवाळी अगदी दाराशी आली होती. ती थाळी रोज रिकामी होऊ लागली. आणि 'किसने भेजा' याचं उत्तर जवळजवळ दरवेळी एकच यायचं. "नर्मदाबाई ने." त्या बायका रांझीच्या नव्हत्याच. त्या सिहोऱ्याहून बसनं बाजाराला येणाऱ्या होत्या. पण हातात डबा असायचा, मैदा चाळलेला, तूप वेगळ्या भांड्यात, साखर दळलेली, सगळं कसं शिस्तीत. म्हणायच्या, "अम्मा ने कहा था ऐसे ही ले जाना."

रत्नाकरभाऊ मळता मळता थांबले. "नर्मदाबाई?" त्यांनी वर फळीकडे पाहिलं. निळा डबा, एका बाजूला पोचा, वर तांबड्या अक्षरात 'नर्मदा'. दिवाळीचा पहिला डबा नेहमी तिचा असायचा. तो तिथं नव्हता. मागच्या वर्षीही नव्हता. "तिचा डबा कुठं हाय?" ते म्हणाले.

नर्मदाबाई म्हणजे आमच्या क्वार्टरांच्या लाइनमधली जुनी दाई. मुलगा कारखान्यात होता. तो रिटायर झाला, क्वार्टर सुटलं, एवढं मी ऐकलं होतं. पुढे ती कुठे गेली हे मी विचारलं नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा आम्ही बसून आठवायला लागलो. अंबादासच्या घरचा डबा? रिटायर होऊन अमरावतीला गेले. तुळशीरामची बायको? तीही मुलाकडे. अंजनीबाई? क्वार्टर सुटलं. कारखाना सुरू झाला तेव्हाची अख्खी पिढी एकामागून एक म्हातारी होऊन निघून गेली होती. यंत्राच्या बेकरीनं आमचं एकही गिऱ्हाईक पळवलं नव्हतं हो! उगीच आम्ही त्या ट्यूबलाइटला शिव्या घालत होतो. आमची माणसं गेली, आणि गेली हे आम्हाला कळलंही नाही, कारण फळीवर कोण नाही हे पाहायची या घराला बंदी होती.

रत्नाकरभाऊंच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

दिवाळी झाली त्या आठवड्यात आम्ही तिघं बसनं सिहोऱ्याला गेलो. रत्नाकरभाऊंनी मांडीवर गोल नानकटाईचा डबा धरला होता, तोही स्वतःच्या तुपातला. नर्मदाबाई भावाच्या घरी, बस अड्ड्याजवळ, दाराशी खाटेवर बसलेली. पाय सुजलेले, उभं राहणं संपलेलं. दिवसभर तिथे बसून जबलपूरची बस धरणाऱ्या बायकांशी गप्पा मारायच्या हा तिचा उद्योग. त्यांना पत्ता सांगायचा, डब्यात काय न्यायचं ते सांगायचं, आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या आपलंच असल्यासारखं करायचं.

रत्नाकरभाऊ तिच्या खाटेशी खाली बसले. "मावशी, दोन साल झाले. तुमचा डबा नाही आला. मले कळलंच नाही वो."

"येणार कशी होती मी?" ती म्हणाली. "पाय पाय नाही राहिले. पण बायका धाडल्या ना बाबू? आल्या का त्या?"

"आल्या."

"मंग झालं." तिनं एक नानकटाई तोडून तोंडात टाकली, डोळे मिटून चघळली. "तूप बरोबर हाय. लेकरं कशी हायेत तुही?"

"प्रभूची कृपा हाय, मावशी."

तिनं डोळे उघडले. "कृपा नको सांगू मले. किती हायेत ते सांग."

ते डब्याचं झाकण लावत बसले.

"मले ठाऊक हाय," नर्मदाबाई म्हणाली. "तीन. तिघंही माह्या हातावर आले. पहिला पोरगा होता, केसाळ, आल्याबरोबर असा रडला की बाजूच्या क्वार्टरातले उठले. मी बाळंतपणं मोजते बाबू. जी जगली तीही अन् गेली तीही. गेली ती न मोजून कसं चालीन? त्यायले दुसरं कोण मोजणार हाय?"

"मावशी, मी तवा डबे मोजले होते," रत्नाकरभाऊ म्हणाले. एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणाजवळ उच्चारलं असेल तर ते त्या दिवशी. "गर्वानं मोजले. म्हणून..."

"म्हणून काय? अरे, त्या महिन्यात लाइनमधली किती लेकरं तापानं गेली! त्यायच्या बापायनं काय मोजलं होतं? ताप होता तो. पोराले तापानं नेलं. तुह्या डब्यायनं नाही."

तिनं हे काही समजूत घालायच्या सुरात म्हटलं नाही. चूक दुरुस्त करावी तसं म्हटलं, थोडं चिडूनच. उंचापुरा तो माणूस तिच्या खाटेच्या कडेला डोकं टेकवून रडला. तिनं त्यांच्या केसांतला मैदा झटकला. मी बाहेर रस्त्याकडे बघत राहिले, कारण मला स्वतःला आवरत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये रत्नाकरभाऊ खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "प्रतिमा, तो मेंढपाळ. एक मेंढरू हरपलं अन् बाकीची ठेवून त्याच्यामागं गेला, तो. त्याले कसं कळलं एक नाही म्हणून?"

प्रतिमा त्यांच्याकडे पाहत होती.

"मोजल्याबिगर कसं कळीन?" ते म्हणाले. "राजानं आपण किती मोठा हे पाहाले मोजलं. मेंढपाळानं कोण नाही हे पाहाले मोजलं. बाबांनी मले एकच गोष्ट सांगितली, अन् मी तेवढीच धरून बसलो."

मी हिंदू बाई. शास्त्रातलं काय कुठे बसतं ते मला सांगता येणार नाही. पण त्या दिवशी बसमध्ये जे ऐकलं त्याहून चांगलं प्रवचन मी पुढे ऐकलेलं नाही.

घरी आल्यावर कामाला सुरुवात झाली. नवा कागद छापला. त्यावर ना बढ़िया, ना उत्तम. 'आपका मैदा, आपका घी, आपका डिब्बा, हमारी भट्ठी', आणि खाली डबा कसा आणायचा ते नर्मदाबाईच्याच शब्दांत. मासा तसाच ठेवला, पण आता तो डबा आणणाऱ्यालाच. ज्यांच्या घरी डबा नव्हता त्यांना प्रतिमा आपला देऊ लागली. आणि रोज संध्याकाळी रत्नाकरभाऊ फळीसमोर उभे राहून डबे मोजायला लागले, बोट लावून, मोठ्यानं. कोणी दोन आठवडे पावाला आलं नाही तर बेबीला धाडायचे. "जा पाहून ये, आजारी हाय का." त्यात गिऱ्हाईक टिकवायचा डाव किती आणि माया किती, हे मला विचारू नका. त्या माणसात ते वेगळं नव्हतंच.

नाताळाच्या आदल्या आठवड्यात फळी भरली. जुन्या दिवसांसारखी नव्हे, खोटं कशाला सांगू? पण भट्टी सबंध दिवस पेटलेली राहील इतकी. डब्यांवर नवी नावं होती, काही तर आम्हाला वाचता न येणाऱ्या अक्षरांत. मुरलीधर उत्तर घ्यायला आला, फळीकडे बघून बराच वेळ उभा राहिला, आणि होस्टेलचा विषय न काढताच नानकटाई घेऊन परत गेला. मला इतका आनंद झाला की मी त्याला एक चांदही बांधून दिला. अजून उरले होते.

त्याच संध्याकाळी ती बाई आली, जी पूर्वी 'रहने दीजिए' म्हणून गेली होती. या वेळी हातात डबा, कडेवर मूल. रत्नाकरभाऊंनी तुपाला बोट लावून बघितलं, 'घी अच्छा है' म्हणाले आणि मुलाच्या मुठीत मासा दिला. तिचा संकोच गेला. बेबी आणि ज्योती मागे कागद कापत बसल्या होत्या, त्यांच्याकडे बघून तिनं सहज विचारलं, "भैया, आपके दो ही बच्चे हैं?"

प्रतिमा मागे मळत होती. तिचे हात थांबले.

"तीन हैं, बहनजी," रत्नाकरभाऊ म्हणाले. "प्रभाकर, बेबी, ज्योती. बड़ा वाला प्रभु के पास है."

मग त्यांनी तिचा डबा उचलला, फळीवर शेवटी ठेवला, आणि पहिल्या डब्यापासून मोजायला सुरुवात केली.